सौनात नेलेला बोल्ट

बोल्टला डोकं असतं, पण डोक्यात काही नसतं. आपल्याला डोकं असतं आणि त्यात बरंच काही असतं. मग दोघांची जुंपली तर जिंकणार कोण? सरळ आहे! त्या शनिवारी सकाळी बाह्या दुमडत मी हे बायकोला ऐकवलं.

हिल्क्काने माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीतून गाडीकडे पाहिलं. "तार्मो, एकदा बाबांना विचारून घे ना."

"हिल्क्का, मी शाळेत भूगोल शिकवतो! नदीचा उगम सापडतो मला. एक बोल्ट सापडणार नाही?"

"सापडेल रे. निघेल का, ते विचारतेय," ती स्वतःशीच म्हणाली आणि दालचिनीचे पाव भट्टीत सारायला गेली.

ही गाडी माझ्या सासऱ्यांची. रंग बीटरूटचा, वय माझ्या लग्नापेक्षा जास्त, म्हणून आम्ही सगळे तिला म्हातारी म्हणतो. सासरेबुवांनी, म्हणजे ओइवांनी, तिला पोटच्या पोरीसारखं जपलं. पोटच्या पोरीचं लग्न माझ्याशी लावून देताना ते काही बोलले नव्हते. म्हातारीची किल्ली देताना मात्र चक्क दोन वाक्यं बोलले. "तपासणीत पास होतेय तोवर तुझी. नापास झाली की रौनोची."

रौनो म्हणजे माझा मेहुणा. त्याचा भंगाराचा धंदा. आता कळलं ना, प्रकरण किती गंभीर होतं ते?

आणि गुरुवारी म्हातारी नापास झाली! गाड्या तपासणारा यल्मारी आमचा शेजारीच. पण कामावर तो शेजारी नसतो. खालून दिवा मारून त्याने पाहिलं आणि म्हणाला, "पुढचं डावं चाक. खालच्या आर्मचं रबर गेलंय. सोमवारी परत आण." आर्म म्हणजे चाकाला गाडीशी जोडून ठेवणारा लोखंडी हात. तो एका जाडजूड बोल्टने अडकवलेला असतो. बोल्ट काढायचा, जुनं रबर काढायचं, नवं बसवायचं. एवढंच!

मी गाडीच्या समोर जाऊन उभा राहिलो. हेडलाइटच्या डोळ्यांत डोळे घालून तिला म्हणालो, "घाबरू नकोस." मग डाव्या हाताला वळलो, जॅक लावला, चाक काढलं आणि बर्फावर पुठ्ठा टाकून आत शिरलो.

बोल्ट दिसला. खरं सांगू? तसंच मागे सरकून बाहेर यावंसं वाटलं. आमच्याकडे सगळा हिवाळा रस्त्यावर मीठ टाकतात, आणि म्हातारीने ते आयुष्यभर खाल्लं होतं. बोल्ट, नट, पट्टी असं वेगवेगळं काही उरलंच नव्हतं. सगळं मिळून एकच तांबूस, खवलेदार प्रकरण झालं होतं. जणू ते तिथे उगवलंच होतं!

पाना लावला, जोर दिला. पाना सटकला आणि माझा हात पत्र्यावर आपटला. पुन्हा लावला, पुन्हा सटकला. तिसऱ्या खेपेला बोल्टच्या डोक्याच्या सगळ्या कडा गेल्या आणि ते सुपारीसारखं गोल, गुळगुळीत झालं. आता पान्याने धरायचं तरी कशाला?

बाहेर येऊन पाहतो, तर सासरेबुवा कॉफीचा पेला घेऊन बाकावर बसलेले. कुंपणापलीकडे यल्मारी बर्फ ओढता ओढता थांबलेला. दोघेही गाडीकडे पाहत होते.

"जाम आहे," मी म्हणालो.

"हं," सासरेबुवा म्हणाले.

यल्मारीने तोंड उघडलं, सासऱ्यांकडे पाहिलं आणि मिटलं. आमच्या हामे भागात दुसऱ्याच्या अंगणात, दुसऱ्याच्या गाडीबद्दल, न विचारता बोलणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटातला बटाटा उचलणं. मला वाटलं, माझं कौशल्य पाहून दोघांची वाचा बसली असावी! मला आणखी चेव चढला.

गंज सोडवणारं तेल ओतलं. थोडं बोल्टवर पडलं, बाकीचं माझ्या कानात गेलं. दातेरी पाइप पान्याने ते गोल डोकं पकडून, पान्याच्या दांड्यावर लांब नळी चढवून मी लोंबकळलो. गाडी वर उचलली गेली, पण बोल्ट हलला नाही! छिन्नी लावून हातोडा मारला. छिन्नीचा टवका उडून हिल्क्काच्या पक्ष्यांच्या घरट्यात गेला. बोल्टवर साधा ओरखडा नाही.

दुपारी जेवताना मी सॉसेजकडे नुसता पाहत बसलो. "काय माणूस आहे!" मी म्हणालो.

"कोण?" हिल्क्काने विचारलं.

"बोल्ट."

थट्टा नाही, मला त्या बोल्टबद्दल खरोखरच आदर वाटू लागला होता. एवढं मीठ, एवढी थंडी, एवढी वर्षं, आणि वर कुणाची तक्रार नाही. माझ्यात असा काही गुण असता तर सासऱ्यांनी लग्नातच दोन शब्द बोलून टाकले असते.

"रौनोकडे लोखंड तापवायचा गॅस आहे," हिल्क्का म्हणाली. "तापवलं की सुटतं म्हणे."

"रौनोकडे? म्हणजे किल्लीच नेऊन देऊ त्याच्या हातात?"

"मग बस बोल्टकडे बघत. मी सौना पेटवायला चालले. शनिवार आहे."

सौना, म्हणजे तापलेल्या दगडांवर पाणी ओतून वाफ घ्यायची आमची लाकडी खोली! माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आखडलेल्या माणसाला आपण काय करतो? आधी भरपूर तापवतो, मग घराजवळच्या तळ्यातल्या बर्फाला पाडलेल्या भोकात बुचकळतो. माणूस सुटतो. मग बोल्ट का नाही सुटणार? तो तर आमच्यापेक्षा जास्त आखडलेला!

आर्म ज्या पट्टीत अडकला होता, ती पट्टी गाडीला दुसऱ्या बोल्टांनी धरलेली होती. ते बिचारे मुकाट निघाले. मग आर्म, पट्टी आणि तो हट्टी बोल्ट असं सगळं खटलं मी तान्ह्या पोरासारखं छातीशी धरून सौनात नेलं.

आत सासरेबुवा आणि यल्मारी वरच्या फळीवर बसले होते. यल्मारी दर शनिवारी येतोच. अंगावर चिंधी नाही, घामाने डबडबलेले. मीही तसाच, फक्त कडेवर आर्म. सासऱ्यांनी आर्मकडे पाहिलं आणि थोडे सरकले. "जागा कर," ते यल्मारीला म्हणाले.

मी भारावून गेलो! पण फळीवर ऊब कमी, म्हणून मी ते खटलं सरळ शेगडीच्या तापलेल्या दगडांवर ठेवलं.

यल्मारीचा चेहरा वेडावाकडा झाला. "तार्मो, तो आर्म..."

"यल्मारी," सासरेबुवा हळूच म्हणाले, "सौनात कामाचं बोलत नाहीत."

"खरंय," यल्मारी म्हणाला आणि मान खाली घातली. सौना म्हणजे आम्हाला देऊळच. तिथे धंदा नाही, भांडण नाही, हुद्दा नाही.

मग तेल तापलं. आधी निळसर धूर निघाला. मग रबर पेट घेऊ लागलं आणि काळा धूर आला. वास असा, की डोळ्यांतून, नाकातून, जिथून जिथून पाणी येऊ शकतं तिथून येऊ लागलं! पण सौनातून आधी उठेल तो हरला, हे आम्हाला लहानपणापासून माहीत. तेव्हा तिघेही ताठ बसून राहिलो. मला यल्मारी दिसेनासा झाला. मग माझे स्वतःचे गुडघे दिसेनासे झाले.

"आज वाफ जरा जड आहे," धुरातून सासऱ्यांचा आवाज आला.

"जरा," यल्मारी खोकत म्हणाला.

बाहेरून हिल्क्काने दार बडवलं. "बाबा! आत काय जळतंय?"

"काही नाही!" आम्ही तिघे एका सुरात ओरडलो, आणि त्या एका ओरडण्यात इतका धूर आत गेला की तिघेही एकाच वेळी दाराकडे धावलो. एकाच वेळी, बरं का! कुणीही हरलं नाही.

बर्फात आलो तेव्हा तिथे रौनो उभा होता. गाडी न्यायला ट्रेलर घेऊनच आलेला. त्याच्यासमोर त्याचा बाप, गाड्यांचा तपासनीस आणि मेहुणा, तिघेही दिगंबर आणि कोळशासारखे काळे.

"मी नंतर येऊ का?" त्याने विचारलं.

मी उत्तर द्यायला थांबलो नाही. चिमटा आणि जाड हातमोजे घेऊन परत आत घुसलो, धगधगतं खटलं उचललं आणि तळ्याकडे पळत सुटलो. बर्फाच्या भोकात ते बुचकळलं. चर्रर्र! वाफेचा खांब आभाळात गेला. आणि मग पाण्याखालून आवाज आला. टण्ण!

सगळे धावत काठावर आले. मी खटलं बाहेर काढलं. रबराची राख झाली होती, गंजाचे पापुद्रे गळून पडत होते. गोल डोक्याला पक्कड लावली. फिरला! हो, फिरला! कुरकुरत, आढेवेढे घेत, पण फिरला, आणि शेवटी माझ्या हातात आला.

मी तो उंच धरला. तळ्यापलीकडे सूर्य टेकला होता. थंडीने माझ्या पायांची बोटं बधिर झाली होती, पण देवाशपथ सांगतो, डोळे भरून आले होते. एवढ्या लहानशा वस्तूत एवढा जीव!

सासऱ्यांनी बोल्ट माझ्या हातून घेतला. फिरवून फिरवून पाहिला. "हा मी आवळला होता," ते म्हणाले. "तरुण होतो तेव्हा." मग माझ्या काळ्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला. "बरं काढलास."

बरं काढलास! हामेत याहून मोठं कौतुक नाही. हिल्क्काने पदरासारखा टॉवेल डोळ्यांना लावला.

इतक्यात यल्मारी कपडे घालून आला. सदऱ्याचं शेवटचं बटण लावलं, घसा खाकरला. "आता आपण सौनात नाही. बोललो तर चालेल?"

"बोल की!" मी तोऱ्यात म्हणालो.

"मी डावा सांगितला होता."

"हो मग?"

"हा उजवा आहे."

मी मनातल्या मनात पुन्हा गाडीसमोर जाऊन उभा राहिलो आणि डाव्या हाताला वळून पाहिलं. गाडीची डावी बाजू गाडीत बसणाऱ्याची असते, तिच्यासमोर उभं राहून तिला धीर देणाऱ्याची नसते.

"उजव्याचं रबर चांगलं होतं," यल्मारीने हळूच पुस्ती जोडली. "होतं."

"तुम्ही सकाळपासून बघत होता!" मी ओरडलो. "बाबा, तुम्हीसुद्धा! बोलला का नाहीत?"

"तू विचारलं नाहीस," सासरेबुवा म्हणाले.

आता सगळे रौनोकडे पाहू लागले. म्हातारी अंगणात एका बाजूने लुळी पडलेली, आणि याचा ट्रेलर दारात. रौनोने डोकं खाजवलं. पुन्हा एकदा त्या बोल्टकडे पाहिलं. "अशीच एक जुनी गाडी उभी आहे माझ्याकडे," तो म्हणाला. "तिचं रबर चांगलं आहे. घेऊन येतो." आणि ट्रेलर रिकामाच वळवला!

म्हातारी सोमवारी पास झाली, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर तुमचा जीव टांगणीला लागेल. पण खरी गोष्ट रविवारची. डावीकडे त्या बोल्टचा जुळा भाऊ अजून शिल्लक होता. त्याच दिवशी, त्याच हाताने आवळलेला. मी बाह्या मागे सारल्या, मग पुन्हा खाली ओढल्या. सासऱ्यांसमोर जाऊन उभा राहिलो आणि जन्मात पहिल्यांदा विचारलं, "बाबा, हा कसा काढायचा?"

त्यांनी कॉफीचा पेला खाली ठेवला. चेहरा असा उजळला, की मला वाटलं आज त्यांचा वाढदिवसच आहे. म्हणजे इतकी वर्षं हा माणूस बाकावर बसून एवढ्याच प्रश्नाची वाट पाहत होता!

"अगदी सोपं आहे," ते म्हणाले. "आधी गाडीत बस. स्टिअरिंगसमोर."

मी बसलो.

"समोर बघ. आता डावा हात वर कर."

मी हात वर केला. पण खरं सांगतो, वर करण्याआधी चोरून एकदा खिडकीतल्या हिल्क्काकडे पाहून डावा कोणता याची खात्री करून घेतली.