सर म्हणाले की बाई म्हणाल्या

“माझ्यासारखी बुद्धी शंभर वर्षांतून एकदाच जन्माला येते,” असं माझे भाऊजी स्वतःच सांगतात, कारण दुसरं कोणी सांगत नाही. त्यांच्या मते त्यांचं नाक खोटं हुंगतं, कान भिंतीपलीकडचं ऐकतात आणि नजर माणसाच्या आरपार जाते. आरपार जाते हे मलाही मान्य आहे. समोरच्या माणसावर ती कधी थांबतच नाही. बँकेतून लवकर निवृत्त होऊन त्यांनी दारावर ‘खासगी गुप्तहेर’ अशी पाटी लावली. गुप्त राहायचं तर पाटी कशाला, असं ताईनं विचारलं होतं. ताई म्हणजे माझी सख्खी बहीण आणि त्यांची बायको. नोकरी सुटल्यापासून मी त्यांच्याकडेच जेवतो, म्हणून मी त्यांचा बिनपगारी सहायक.

परवा गल्लीतल्या टेलरबाई आल्या. गळ्यातली टेप काढायचंही भान नव्हतं.

“इंग्रजीच्या क्लासचे सर दीड महिना एकच धडा शिकवताहेत हो!”

“कोणता?” भाऊजींनी डोळे बारीक केले.

“डायरेक्ट-इनडायरेक्ट. कोण काय म्हणालं ते आपल्या शब्दांत दुसऱ्याला सांगायचं. ते तर माझ्या सासूबाई न शिकताच करतात!” आणि मग त्या टेप बोटाला गुंडाळू लागल्या. “पुढच्या महिन्यात परीक्षा आहे. पोरगी इंग्रजीत एकदा नापास झालीय. परत झाली तर तिचे बाबा तिला माझ्या मशीनवर बसवणार. मला ती तिथं नकोय.”

मला वाईट वाटलं. भाऊजींना आनंद झाला, कारण प्रकरण मिळालं होतं.

“पेपर फुटलाय,” ते म्हणाले. “सगळा पेपर याच धड्यावर येणार, हे सरांना माहीत आहे. मी वेश पालटून क्लासला बसतो.”

वेश पालटायचा म्हणून त्यांनी खऱ्या मिशांवर खोट्या मिशा चिकटवल्या. मी नुसता बरोबर गेलो. सरांनी दोघांनाही प्रौढ विद्यार्थी समजून मागच्या बाकावर बसवलं.

क्लास म्हणजे सरांचंच घर. बाहेरच्या खोलीत सर मोठ्या मुलांना शिकवत, आतल्या खोलीत त्यांची बायको, म्हणजे बाई, लहान मुलांना. पद्धत अशी, की सरांनी एक वाक्य बोलायचं, मुलानं ते इनडायरेक्ट करून आत जाऊन बाईंना ऐकवायचं. बाई ते तपासून स्वतःचं एक वाक्य द्यायच्या, ते तसंच फिरवून बाहेर सरांना सांगायचं.

“द मिल्क इज स्पॉइल्ड,” सर म्हणाले.

टेलरबाईंची मुलगी आत पळाली. “सर सेड दॅट द मिल्क वॉज स्पॉइल्ड!” थोड्या वेळानं ती बाहेर आली. “सर, बाई आस्क्ड व्हाय यू हॅड लेफ्ट इट आउटसाइड.”

दूध नासलं ते बाहेर ठेवल्यामुळे, हे आख्ख्या वर्गाला कळलं. सरांचे कान लाल झाले. मुलांचं व्याकरण मात्र इतकं बिनचूक होतं, की मी थक्क झालो.

“सांकेतिक भाषा!” भाऊजी माझ्या कानात पुटपुटले. “दूध म्हणजे माल. नासलं म्हणजे पकडला गेला. आंतरराष्ट्रीय टोळी आहे ही!”

तेवढ्यात सरांनी त्यांनाच उठवलं. “आय ॲम नॉट हंग्री. जा, सांगा आत.”

भाऊजी आत गेले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, “सर सेड दॅट आय ॲम नॉट हंग्री.”

“तुम्ही नसालच, पोट दिसतंय,” बाई म्हणाल्या. “त्यांनी सकाळपासून काही खाल्लंय का, ते विचारा.”

भाऊजी बाहेर आले तेव्हा सर खडू धरून दाराकडेच बघत होते. “काय म्हणाल्या?”

“माझं पोट दिसतंय म्हणाल्या.”

सर फळ्याकडे वळले. दिवसभर उपाशी असलेला माणूस आणखी थोडा उपाशी झाला.

घरी ताई भाजी निवडत होती. भाऊजी खोलीत येरझाऱ्या घालत नवा सिद्धांत मांडू लागले. “टोळी नाही! ते सर खरे सरच नाहीत. त्यांना पुढचा धडा येतच नाही!”

ताईनं मला विचारलं, “वाक्यं काय काय होती रे?” मी सांगितली. तिनं देठ मोडले, टाकले आणि म्हणाली, “अबोला आहे त्यांच्यात. पोरांच्या तोंडून बोलताहेत. धडा संपला तर बोलणंच संपेल ना, म्हणून संपवत नाहीत.”

“पुरावा?” भाऊजी गरजले.

“माझं लग्न झालंय.”

काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं मी मनात म्हटलं. मोठ्यानं म्हणालो असतो तर जेवण गेलं असतं.

ताईनं लगेच टेलरबाईंना फोन केला, ‘उद्या पोरांना पाठवू नका, निरोप न्यायला कोणी नसलं की बोलतील’ म्हणून, आणि त्यांनी बाकीच्या आयांना. दुसऱ्या दिवशी क्लासला एकही मूल गेलं नाही. भाऊजी आणि मी सरांच्या खिडकीखाली, वाळत घातलेल्या चादरीआड बसलो.

सर दारात येऊन उभे राहिले. रस्ता रिकामा होता. मग आत जाऊन बसले.

“कोणी आलं नाही,” सर शेवटी म्हणाले.

“दिसतंय,” बाई म्हणाल्या. आणि मग धरण फुटलं. “तुमची बहीण राहायला येते म्हणाली. कंटाळा तुम्हाला आला. आणि फोनवर काय सांगितलंत? ‘ही नको म्हणते.’ मी कधी म्हणाले? माझ्या खांद्यावर बंदूक ठेवून मोकळे झालात. तिच्या लेखी मी जन्माची वाईट!”

मग फोनची बटणं वाजली.

“अगं, मी बोलतोय. त्या दिवशी नको मीच म्हणालो होतो. ही नव्हती म्हणाली. ये तू.”

आतून नाक ओढल्याचा आवाज आला. इकडे भाऊजींनीही ओढलं. “चादरीला साबण फार आहे,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये पुढचा धडा सुरू झाला. संध्याकाळी टेलरबाई आल्या, हसताना पहिल्यांदाच दिसल्या. “पोरगी म्हणाली, सर आता रोज एक धडा उरकणार. कसं ओळखलंत हो?”

“मी तर पहिल्याच दिवशी म्हणालो होतो,” भाऊजी म्हणाले, “पती-पत्नीतला अबोला आहे हा!”

ताई आतल्या दारात उभी होती. टेलरबाई गेल्यावर ती पुढे आली.

“आणि परवा तुमच्या भावानं स्कूटर मागितली,” ती शांतपणे म्हणाली, “तेव्हा काय सांगितलंत त्याला? ‘तुझी वहिनी नाही म्हणते.’ स्वयंपाकघरात ऐकू येतं मला.”

आयुष्यात पहिल्यांदाच भाऊजींकडे एकही सिद्धांत नव्हता. शेवटी ते माझ्याकडे वळले.

“तुझ्या ताईला सांग, मी जरा पाय मोकळे करून येतो.”

ताईही माझ्याकडेच बघत म्हणाली, “त्यांना सांग, फोन चार्ज झालाय. भावाचा नंबर त्यातच आहे.”