गयाआजी घालवायला निघतात

आमच्या गल्लीत पाहुणा येतो आपल्या मर्जीनं, पण जातो गयाआजींच्या सोबतीनं. पाहुण्याला दारातूनच निरोप देणं ही त्यांच्या मते शहरी लोकांची आळशी रीत. माणूस घालवायचा म्हणजे निदान गावाबाहेर काढून द्यायचा. मीटर बघायला आलेल्या पोराला त्या कोपऱ्यापर्यंत सोडतात, लस द्यायला आलेल्या नर्सबाईंना स्टँडपर्यंत. परंड्याच्या शाळेत नोकरी लागली आणि मी त्यांच्यासमोरच्या खोलीत राहायला आले, तेव्हा मला पोचवायला आलेल्या माझ्या वडिलांना आजींनीच एस.टी.त बसवून दिलं आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत त्या स्टँडवरून हलल्या नाहीत. मी केव्हाच घरी येऊन चहा टाकला होता.

एकदा शेजारच्या नवरीला घालवायला म्हणून त्या वऱ्हाडाच्या टेम्पोत चढल्या. नवरीची पाठराखीण म्हणून जाणारी तिची मावशी जागेअभावी मांडवातच राहिली. सासरच्यांनी आजींनाच पाठराखीण समजून मानपान केला, साडी नेसवली. आजी तिसऱ्या दिवशी परतल्या. मावशी अजून त्यांच्याशी बोलत नाही.

"मंग काय सांगू त्यास्नी?" आजी विचारतात. "नवं पाव्हणं, पैल्याच दिवशी नाराज करावं व्हय?"

आजींचा मुलगा आनंदा पुण्याला असतो. महिन्यातून एकदा शनिवारी तो बायकोमुलांसह गाडी घेऊन येतो, आणि मग दोन दिवस आजी कुणाला बूड टेकू देत नाहीत. आधी किल्ला. तो नातवंडांना तोंडपाठ झालाय, तरी तोफेवर हात फिरवल्याशिवाय सुटका नाही. पलीकडच्या गल्लीत जेसीबी गटार खणत असेल, तर तोही दाखवायला नेतात. "पुन्याला आसलं निवांत कुठं बघाया मिळतंय?" रविवारी सकाळी विहारात वंदना, तिथून ईट गावाला भाचीच्या घरी कुणाचं तरी नामकरण. तिथं आजी बाळापेक्षा आपली पुण्याची मंडळीच सगळ्यांना दाखवत फिरतात.

दुपार कलली की आनंदा निघायची तयारी करतो. सगळ्यांच्या आधी गाडीत पुढच्या सीटवर कोण, तर पिशवी मांडीवर घेऊन गयाआजी. त्या कुर्डुवाडीपर्यंत घालवायला जातात आणि तिथून एस.टी.नं परत येतात. आता कंडक्टरही ओळखीचे झालेत. "पोचवली का मंडळी?" म्हणून विचारतात.

गेल्या खेपेला मात्र पंचाईत झाली. नेहमीच्या मंडळींबरोबर लग्न झालेली थोरली नात, नातजावई आणि त्यांचं तान्हं बाळ, असे सगळेच आले होते. त्यात ज्वारीचं पोतं, शेंगांची पिशवी, लोणच्याच्या बरण्या. हे सगळं आजींनीच गाडीत कोंबलेलं.

"आई, आज इथूनच निरोप दे," आनंदा म्हणाला. "बोट शिरायला जागा नाही."

आजींनी सीटवरची पिशवी उचलली. "बरं. सावकाश जावा," म्हणाल्या. मी समोर ओट्यावर वह्या तपासत बसले होते. आजी एवढ्या सहज ऐकतील असं मला वाटलं नव्हतं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून मनात काहीतरी शिजतंय हे दिसत होतं. गाडी कोपऱ्यावर वळली तशा त्या तडक माझ्याकडं आल्या.

"बाई, स्कूटीत पेट्रोल हाय का?"

"आहे की. कुठं जायचंय?"

"घालवाया."

घराला कुलूप लावूनच त्या आल्या होत्या. एका अंगानं बसून त्यांनी माझा खांदा असा धरला की अजून दुखतोय. "लई हळू चालिवता तुमी," हे वर. नशिबानं गावाबाहेर आनंदा चाकात हवा भरून घेत होता. आजी उतरल्या, गाडीच्या खिडकीशी गेल्या, बाळाच्या गालाला हात लावला आणि म्हणाल्या, "हां. आता जावा."

आनंदा आधी हसला. मग हसायचा थांबला आणि आईचा हात धरून उभा राहिला. गाडी गेली, रस्ता रिकामा झाला, तेव्हा कुठं आजी स्कूटीवर बसल्या.

परतताना मी म्हटलं, "आजी, एवढी दगदग कशाला? महिन्यानं येणारच आहेत की."

 आजी मागून हळूच म्हणाल्या, "बाई, मानसं ग्येल्यावर आपुन घरात ऱ्हायलो, तर घर खाया उठतंय. त्येच आपुन भायेरनं आलो, तर वाटतंय, घरच आपली वाट बघत बसलं व्हतं."

 मीही एकटीच राहते. मला ते फार लागलं. मी स्कूटी आणखी हळू केली, आणि या वेळी आजींनी तक्रार केली नाही.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. आजींनी कुलूप काढलं, दिवा लावला, चपला कडेला सारल्या आणि आतल्या रिकाम्या खोलीकडं बघून म्हणाल्या, "आले बरं का. जरा उशीर झाला."