डोकं नांदेडला, पाय लातूरला

आमच्या शिवारात लोक दोनच गोष्टींना भितात. एक दुष्काळ, दुसरं नीलम्माचं तोंड. नीलम्मा म्हणजे मी. म्हणून सरकारी दवाखान्यानं केसपेपरला फी लावली, तेव्हा मी सुनेला सांगून टाकलं, "महानंदा, ही फी मी मोडते बघ."

पैसा नव्हता असं नाही. कंबरेला पिशवी होती आणि पिशवीत पैसा होता. पण भिंती सरकारच्या, डागदर सरकारचा, गोळ्या तर कधी नसायच्याच. मग फी कशाची? लातूरचा नवा जिल्हा झाला तेव्हाची ही गोष्ट. आभाळातून थेंब नव्हता, वरून हुकूम मात्र धो-धो पडायचे.

माझे दोन्ही डोळे मोतीबिंदूनं पिकले होते. सगळं जग दुधात बुडालेलं. लिंबाचं झाड म्हणजे हिरवा ढग, म्हैस म्हणजे काळा ढग, आणि नात सिंधू म्हणजे आजीला "अव्वा, अव्वा" म्हणणारा एक बारका पांढरा ढग. पोरगी चालायला लागली, तरी तिचं तोंड मी धड बघितलं नव्हतं. ऑपरेशनचं शिबिर त्याच आठवड्यात होतं. पण केसपेपरवर डागदरची सही असल्याशिवाय तिथं उभं करत नव्हते.

माझ्या बहिणीचा सिद्धराम अहमदपूरला वकील. त्याला विचारलं.

तो म्हणाला, "मावशी, सरकारला मनाला येईल तशी फी लावता येत न्हाई. कायद्यानं अधिकार दिला आसंल तरच, अन् जेवढी सेवा तेवढीच. त्याला हद्द आसती."

पुढंही तो बरंच बोलला. पण माझं काम हद्दीपाशीच झालं होतं. फीला हद्द असते! आणि आमचं गाव तर नांदेड-लातूरच्या हद्दीवरच. आधी मधला ओढा दोन जिल्हे वेगळे करायचा. तो आटून त्याची वाट झाली होती. पण रस्त्याकडेला पांढरा दगड होता ना.

डागदरची जीप गावात तपासणीला यायच्या दिवशी मी दगडापाशी बाज टाकायला लावली. डोकं नांदेडला, पाय लातूरला.

"आत्या, ह्यो दगड तर..." महानंदा काहीतरी सांगायला लागली.

"गप. सुनंनं हद्दीत ऱ्हावं."

लिंबाखाली मी पडले. उन्हानं सगळं शिवार वितळून माझ्या डोळ्यांतल्या दुधात मिसळत होतं. डोळा लागला, तर उशापाशी गोदावरी आली आणि पायथ्याशी मांजरा. दोघी म्हणाल्या, "नीलम्मा, जरा सरक." मी सरकले. बाज तरंगायला लागली. घागरीत पाणी पडल्याचा कसा गोड आवाज...

आवाज घागरींचाच होता, पण रिकाम्या. जाग आली तर बाजेच्या चहूकडं रंगीत ढगच ढग. गावातल्या बायांनी लांबून बाजेभोवती जमलेल्या बघ्यांचा घोळका बघितला आणि त्यांना वाटलं टँकर आला. दुष्काळात घोळक्याचा दुसरा अर्थच नसतो. तेवढ्यात डागदरची जीप आली, तर तिलाच टँकर समजून गुणाबाईनं मागं घागर लावली.

"अहो, ही जीप आहे," डागदर म्हणाला.

"मग पाणी कुटं लपवून ठिवलाव?" गुणाबाई काय हलेना.

मी बाजेवरून हाक मारली. "डागदर, डोळं तपास अन् सही कर. डोकं नांदेडात हाय, तुमच्या लातूरची फी लागत न्हाई."

डागदर पुण्याकडचा, पोरगेलासा. जरा विचार करून म्हणाला, "आजी, मग मला डोळे तपासता येणार नाहीत. माझी नेमणूक लातूरची. पाय दाखवा."

बाया हसल्या. मला काही कमी सुचतं का? बाज फिरवून घेतली.

"घे, डोळं आलं लातुरात. पण पिशवी कंबरंला हाय, अन् कंबर नांदेडला. काढ पैसं."

डागदर डोक्याला हात लावून जीपच्या पायरीवर बसला. मागं घागरींची रांग, पुढं माझी बाज. जीप पुढंही जाईना, मागंही जाईना.

अशात सिद्धराम सायकलवर आला. महानंदानं त्याला निरोप धाडला होता, चुगलखोर. त्यानं डागदरला बाजूला घेतलं.

"साहेब, ही फी कोणत्या कायद्याखाली?"

"वरून तोंडी सांगितलंय."

"मग लेखी हुकूम येऊ द्या, कायदा दाखवू द्या. तंवर घेऊ नका."

"मलाही कुठं घ्यायचीय?" म्हणत डागदरनं बाजेवरच माझे डोळे तपासले आणि केसपेपरवर सही केली.

फी मोडली. सिद्धराम म्हणतो कायद्यानं मोडली, बाया म्हणतात घागरींनी. पण डोकं कुणाचं होतं?

ऑपरेशन झालं, पट्टी सुटली, चष्मा आला. पहिल्यांदा सिंधूचं तोंड बघितलं. नाक थेट माझं. म्हणजे जीभही येणार.

मग मांडीवर सिंधूला घेऊन बैलगाडीतून गावाकडं निघालो. वाटेत तोच लिंब आणि तोच पांढरा दगड. मी अडाणी, पण अक्षराला अक्षर लावता येतं. दगडावर लिहिलं होतं, 'अहमदपूर', आणि खाली किलोमीटरचा आकडा. हद्दीची पाटी पार लांब, ओढ्याच्या पलीकडं दिसत होती.

महानंदा पदरात तोंड घालून हलत होती. "आत्या, मी त्या दिवशी तेच सांगून राहिले होते."

"काय सांगत होतीस? माझे डोळे मिटलेले बघून सरकारनं हद्द हलवली. तसा अधिकार त्यांना कुणी दिला, ते आता सिद्धरामला विचारते."