चकमकजियान आणि मुलगे

"काल्पनिक? बाई, तीस वर्षं पाटी लटकतेय दुकानावर. या नि हात लावून बघा," ओन्निक चकमकजियान म्हणाले.

फ्रेस्नोच्या कौंटी कचेरीतली खिडकीवरची बाई असल्या म्हाताऱ्यांना सरावलेली होती. ओन्निकचं सोफे-खुर्च्या मढवायचं दुकान. चर्चच्या सगळ्या बाकांच्या गाद्यांचं काम मिळत होतं, पण समितीने दुकानाच्या नावाची नोंद मागितली होती.

"नुसतं तुमचं नाव असतं तर नोंद लागली नसती, काका," बाई म्हणाली. "पण 'आणि मुलगे' म्हटलं की आणखी मालक आहेत असं वाटतं. म्हणून काल्पनिक नावात धरतात. मालकांची नावं लिहा इथे."

झाली का पंचाईत. पाटी रंगवली तेव्हा वाहान सात वर्षांचा, गारो पाच. आता एक सिअ‍ॅटलला लोकांचे दात उपटतो, दुसरा डेन्व्हरला घरं विकतो. दुकानात दोघांनी मिळून एक खिळा ठोकलेला नाही. ओन्निकनी तिथूनच फोन लावले.

"बाबा, खुर्ची मोडून कुणी पडलं तर दावा माझ्यावर येईल ना?" वाहानने विचारलं.

गारो म्हणाला, "शनिवारी यावं लागेल का?"

"नको येऊस," म्हणत ओन्निकनी फोन ठेवला.

शेजारी त्यांची मुलगी अर्पिने उभी होती, बोटांना गोंद लागलेला. पाटी रंगवली तेव्हा ही पाळण्यात. पण गेली पंधरा वर्षं कापड बेतण्यापासून गिऱ्हाइकांची बोलणी खाण्यापर्यंत दुकान तीच ओढत होती. बापाला हे दिसत नव्हतं असं नाही, म्हणायचं तेवढं राहून गेलं होतं. तिला ते खुपायचं.

"नाव बदलू या का?" तिने विचारलं. "नवी पाटी करू."

"पाटीला हात लावायचा नाही."

मग ओन्निकनी पेन उचललं आणि आपल्या नावाखाली तिचं नाव लिहिलं. "बरोबर लिहिलंय का बघ," एवढंच म्हणाले. अर्पिनेने ते तीनदा वाचलं.

नियमाप्रमाणे चार आठवडे वर्तमानपत्रात जाहिरात आली. चर्चमध्ये कॉफी पिताना बायका विचारू लागल्या, "मुलगे कुठे गेले गं? छापलंय तर तुझं नाव." वाहानचाही फोन आला, आपलं नाव का नाही म्हणून. ओन्निकना त्या दिवशी नीट ऐकू येत नव्हतं.

पाचव्या आठवड्यात समितीचे अध्यक्ष कापडाचे नमुने बघायला आले. "ओन्निक, काम मोठं आहे, तुझ्याच्यानं एकट्यानं व्हायचं नाही," ते म्हणाले. "मुलांपैकी कुणाला तरी बोलव. त्याच्याशीच ठरवतो."

ओन्निकनी तोंडात धरलेले खिळे काढून तळहातावर घेतले आणि आतल्या खोलीकडे हाक मारली, "अर्पिने, बाहेर ये गं. तुला बोलावतायत."