गाडीनं न आलेली माणसं

आमच्या सुपडाभाऊंसमोर तुम्ही सदेह उभे राहिलात, त्यांना नमस्कार केलात, त्यांनी केलेला चहासुद्धा प्यायलात, तरी तुम्ही गावात आलात हे ते मान्य करतीलच असं नाही. ते आधी विचारणार, "कायनं आले?" एसटीनं, मोटारसायकलनं किंवा मोटारीनं म्हणालात की संपलं. "मंग तुमी अजून आले नाई," म्हणून ते कप विसळायला घेतील. गाडीतून उतरला तो आला. बाकीच्यांनी अजून यायचं आहे.

गाडी म्हणजे रेल्वेगाडी, हे सांगायला नकोच. जलंबहून खामगावला जाणाऱ्या त्या आखूडशा फाट्यावर मध्येच आमचं हॉल्ट आहे. एक पत्र्याची शेड, एक सिमेंटचं बाक, एक कडुनिंब. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. उगाच शोधत मोटारीनं याल आणि भाऊंच्या डोक्याला ताप.

सुपडाभाऊ रेल्वेचे नोकर नव्हेत. असल्या छोट्या हॉल्टवर गावातलाच एखादा माणूस मोठ्या स्टेशनावरून तिकिटांचा गठ्ठा आणतो आणि खिडकीत बसून विकतो. हे काम भाऊंकडे ऐन तारुण्यात आलं, ते आता पंचाहत्तरी उलटली तरी सुटलेलं नाही. वऱ्हाडातल्या मे महिन्यात काळा कोट घालणारा माणूस एक तर वकील असतो, नाहीतर सुपडाभाऊ. हा कोट त्यांना कोणी दिला नाही, घाला म्हणून कोणी सांगितलं नाही. पण गाडी दिसेनाशी होईपर्यंत वरची गुंडीसुद्धा काढायची नाही, हा त्यांचा स्वतःचा नियम. कडुनिंबाला रुळाचा एक तुकडा टांगलाय, तो बडवून ते गाडी आल्याची वर्दी देतात. गाडी समोर उभी असते, सगळ्यांना दिसत असते, तरी देतात.

आणि त्यांची ती वही! खामगावच्या कुठल्याशा कापसाच्या जिनिंगमधून पैदा केलेली, हातभर लांब, लाल कापडी पुठ्ठ्याची. तिच्यावर त्यांनी लिहिलंय, 'इस्टेशनचा इतिहास'. आत चार रकाने : नाव, उतरले, चढले, शेरा. गावात जो कोणी मुक्कामाला किंवा कायमचा उतरला, त्याची ओळ. परत गेला की 'चढले'च्या रकान्यात बरोबरची खूण. वही भरली की दुसरी. अशा चौदा वह्या त्यांच्या घरात गव्हाच्या कोठीवर रचून ठेवल्या आहेत.

या इतिहासाचा आरंभही सांगायला हवा. पूर्वी इथं गाडी थांबतच नसे. वळणावर जरा सुस्तावायची, तेवढ्यात गडीमाणसं उड्या टाकायची. बायाबापड्यांना मात्र जलंबला उतरून उन्हातान्हात चालत यावं लागे. गावानं अर्ज करकरून पाय झिजवले आणि एकदाचं हॉल्ट मंजूर झालं. पहिल्या दिवशी जी गाडी थांबली, तिच्यातून सगळ्यात आधी कोण उतरलं असेल? सुपडाभाऊंची नवीकोरी बायको, वच्छलाकाकू. पहिल्या वहीची पहिली ओळ तिची. शेरा : 'हिरवं लुगडं. हात देला, धरला नाई. उडी मारली.'

काकूंना वारून आता सहा वर्षं झाली. त्यांचा तो करारी स्वभाव मी पाहिलाय. भाऊंना साऱ्या गावात फक्त त्याच म्हणू शकायच्या, "काढा तो कोट, घामोळं येते अंगावर." आणि भाऊ काढायचे.

गाडी थांबते एकच मिनिट. त्यामुळे उतरायची गावाची रीत ठरलेली आहे : आधी सामान, मग म्हातारी माणसं, मग लेकरं आणि शेवटी धडधाकट मंडळी. एका लग्नाच्या वऱ्हाडानं या गडबडीत गादीसकट एक झोपलेली म्हातारी खाली घेतली. गाडी गेल्यावर मोजदाद झाली तर आपली म्हातारी आहेच, शिवाय ही एक जास्तीची! बाई नांदुऱ्याच्या, कोणाच्या कोण. "आता उतरल्याच हायेत तं लग्न लागेलोक ऱ्हा," असं सुपडाभाऊंनी फर्मावलं. मुलीच्या बापानं बिचाऱ्यानं नांदुऱ्याला निरोप धाडला. म्हातारी दोन दिवस मांडवात मिरवली, विहिणीच्या पंगतीत रुसूनसुद्धा बसली. वहीत शेरा : 'चुकून उतरली. साडीचोळी घेऊन चढली. पुन्हा येतो म्हणे.'

माझीही ओळ आहे त्यात. मी लोणार तालुक्यातल्या बीबीचा. आमच्याकडं रेल्वे नाही. चोवीसाव्या वर्षी इथल्या शाळेवर नेमणूक झाली, तेव्हा खामगावपर्यंत एसटीनं आणि पुढं या गाडीनं आलो. ट्रंक घेऊन उतरलो, गाडी निघून गेली आणि चहूकडे नुसती काळी रानं. काळ्या कोटातला एक माणूस जवळ येऊन म्हणाला, "मास्तर ना? या, चहा घ्या." पुढं कित्येक वर्षांनी वहीत वाचलं : 'नवे मास्तर. डोये भरेल. दोन कप चहा.' डोळ्यांत कोळशाची कुसळं गेली होती, असं मी भांडून सांगितलं. भाऊ म्हणाले, "इंजन डिझेलचं होतं, मास्तर."

तर गेल्या वर्षी हॉल्टला नवी शेड झाली. उद्घाटनाच्या वेळी इतिहासाची पुस्तिका काढायची असं सरपंच प्रल्हादरावांनी ठरवलं आणि वह्यांवरून नक्कल करायचं काम माझ्या गळ्यात मारलं. भाऊंना कोण आनंद! चौदा वह्या स्वतः डोक्यावरून माझ्या घरी आणल्या. "छापून झालं का मंग म्या मोकळा," म्हणाले. आयुष्यात त्यांनी एवढी एकच गोष्ट मागितलेली मी पाहिली.

मग माशी शिंकली. प्रल्हादरावांचा मुलगा आशिष पुण्याला मोठ्या नोकरीवर. शेडच्या पत्र्यांना त्यानं हातभार लावला होता. त्याचं नाव पुस्तिकेत हवं, हे ओघानंच आलं. पण तो दरवेळी स्वतःच्या मोटारीनं येतो. भाऊंनी साफ सांगितलं, "तो आलाच नाई तं त्याचं नाव कसं टाकू?"

"अहो, दिवाळीला चार दिवस होता! तुमच्या पाया पडून गेला!" सरपंच ओरडले.

"पडला असंन. उतरला नाई."

सरपंच भडकले. नाव नसेल तर पुस्तिकाही नाही, म्हणाले. भाऊ त्याच पावली माझ्या घरी आले आणि वह्या उचलायला लागले. माझंही डोकं फिरलं. महिनाभर रात्रंदिवस बोटं झिजवून लिहिलं होतं मी!

"भाऊ, हा काय हेकटपणा? काऊन एवढं ताणता? एका ओळीनं तुमचं काय बिघडते?" रागाच्या भरात मीही वऱ्हाडीवर आलो.

भाऊ खाली बसले. पहिली वही उघडून त्यांनी माझ्यापुढं सरकवली. पहिलीच ओळ. मी ती महिन्यापूर्वीच उतरवून काढली होती, पण नुसते शब्द पाहिले होते, रकाने पाहिले नव्हते. वच्छलाकाकू. 'उतरले'मध्ये खूण. 'चढले'चा रकाना कोरा.

"तिले जीपनं नेलं ना खामगावले, दवाखान्यात," भाऊ म्हणाले. "गाडीले दीड तास होता. म्या म्हनलं थांबू, तं डॉक्टर नाई म्हने. जीपनंच नेलं आन् जीपनंच आनलं. म्या तिले गाडीत चढतानी पाह्यलं नाई, मास्तर."

मी तो रकाना पुन्हा पाहिला.

"आता जीपवाला, मोटारवाला आला असं एकदा लेह्यलं, का मंग जीपनं नेलेलंबी लेहा लागते. मंग इथं बरोबरची खून करा लागते." त्यांनी त्या कोऱ्या चौकोनावर बोट ठेवलं. "ते काई माह्यानं होत नाई."

हेकट म्हटल्याची इतकी लाज वाटली की मी उठून चहा ठेवायच्या निमित्तानं आत गेलो. त्यांनी हा नियम काकू जायच्या आधीपासून पाळला होता, गंमत म्हणून. गेली सहा वर्षं मात्र ते त्याच्याच आधारानं जगत होते.

दुसऱ्या दिवशी मी सरपंचांना गाठलं. कारण सांगितलं नाही. एवढंच म्हणालो, "आशिषला सांगा, मोटार खामगावला उभी कर आणि तिथून गाडीनं ये. पंधरा मिनिटांचा प्रश्न आहे." पोरगा गुणी. उद्घाटनाच्या दिवशी तो शहाण्यासारखा गाडीतून उतरला. भाऊंनी रुळाचा तुकडा असा बडवला की कडुनिंबावरचे पोपट उडाले. पहिल्यांदाच भेटल्यासारखी त्यांनी त्याला कडकडून मिठी मारली आणि म्हणाले, "आलास का बे! किती वर्सं लावले?"

पुस्तिका छापून झाली. पहिल्या ओळीतला तो चौकोन छापखानेवाला भरायला निघाला होता, चूक राहिली म्हणून. मी खामगावला जाऊन स्वतः कोरा ठेवून घेतला.

यंदा मी निवृत्त झालो. मुलानं बीबीला घर बांधलंय, सामानासाठी टेम्पो पाठवला. आमची मंडळी पुढं ड्रायव्हरशेजारी बसली. भाऊ सकाळीच कोट घालून, वही बगलेत धरून आले होते. माझी ओळ काढून पेन्सिलसुद्धा कानावर तयार.

"तुमी साडेदहाच्या गाडीनं जासान ना, मास्तर? सामान जाऊ द्या टेम्पोनं. तिकीट फाडून ठेवलं."

इतकी वर्षं या गावात काढली.

"नाही भाऊ," मी म्हणालो, "मी टेम्पोनंच जातो."

पेन्सिल कानावरून काढून भाऊंनी खिशात ठेवली, वही मिटली आणि भर उन्हात, गाडी यायची होती तरी, कोटाची वरची गुंडी सोडली.

"बरं मंग," ते म्हणाले, "संध्याकाळी चहाले या."