अंधारातली चार झाडं

"दुकानातला गांजा नको! आठ आठवड्यांत असा माल काढतो की ल्युशाचं हाड न् हाड गाढ झोपेल!" लाकूड-गिरणीतून निवृत्त झालेल्या मित्या कल्माकोव्हनं जेवणाच्या टेबलावर मूठ आपटली. बायको ल्युशाचा कॅन्सर हाडांत उतरला होता आणि कॅनडाच्या कायद्यानं घरी चार झाडं लावायची मुभा होती. त्यानं तळघरातली खोली गाठली.

रात्रभर दिवे, सकाळी सात ते संध्याकाळी सात काळाकुट्ट अंधार. दिवसा एक तिरीप जरी आत गेली तरी झाड बावचळतं, फुलांत बिया धरतं, माल कमी आणि तोही मिळमिळीत! मित्यानं फटीफटीला काळी पट्टी चिकटवली.

मेहुणी पोल्या बोर्श्त सूपसाठी बटाटे आणायला खाली गेली की हा जिन्यावरून ओरडायचा, "डावीकडचं दार नाही!"

"बटाटेच नेतेय दाजी, तुमच्या राण्या नाही पळवत!"

सातव्या आठवड्यात त्यानं फुलं तपासली. बियाच बिया! चाळणीत वाटाणे निवडावेत तशा!

"पोल्याऽऽ! दार उघडलंस तू!"

"मी? देवाशप्पथ नाही!" पोल्यानं डाव आपटला. "सकाळ-संध्याकाळ तुमच्यासाठी राबते, वर चोर ठरवा मला!"

"मग काय उंदरानं बॅटरी लावली?"

"मी लावली," आतल्या खोलीतून ल्युशा म्हणाली.

मित्या तिच्या दाराशी धावला.

"तू? तुला तर बाथरूमपर्यंत धरून न्यावं लागतं!"

"तू दुपारी टपाल आणायला गेलास की जाते. बसून, एकेक पायरी घसरत. पाच आठवडे झाले."

"अगं, पण कशाला?"

"वर सगळे माझ्याकडे बघत बसतात. खाली मी कुणाकडे तरी बघते."

मित्याला रागवायचं होतं. त्यानं तिचं पांघरूण सारखं केलं.

तो माल लोण्यात उकळून दिला. ल्युशाला जेमतेम तासभर डोळा लागला. मित्यानं नवी चार झाडं लावली आणि दाराला मुद्दाम कडी लावली नाही. पण तोवर ल्युशाला पायऱ्या उतरवेनात. झाडं फुलायला लागली त्याच आठवड्यात ती गेली.

सहा आठवड्यांनी प्रार्थनाघरात तिच्या नावानं प्रार्थना झाली. झाडं त्याच्या चार दिवस आधी कापून वाळवली होती. फुलं अशी टपोरी, चिकट, उग्र की साऱ्या खोऱ्यात तोड नाही! पोल्यानं गुडघेदुखीसाठी त्याचं चिमूटभर लोणी खाल्लं आणि स्तोत्रं चालू असताना पहिल्या बाकावर घोरायला लागली.

जागी झाल्यावर ओशाळून म्हणाली, "दाजी, काय जबरदस्त झालंय हो! या खेपेला केलंत तरी काय?"

"काही नाही," मित्या म्हणाला. "खोलीत कुणी गेलं नाही."