पेडणेकरांनी पाडलेला उजेड

चंद्रप्रकाश पेडणेकर संध्याकाळी कामावरून घरी आले की आधी पंख्याकडे बघत आणि मग चप्पल काढत. पंख्याखाली कोणी बसलेले असेल तर त्याच्या कपाळाची तपासणी होई. घाम दिसला तर पंखा चालू राही. नाही दिसला तर "बाहेर काय झकास वारा सुटलाय!" असे म्हणत पेडणेकर बटण वर करत. वारा खरोखरच असे. मुलुंड पूर्वेला मिठागरांच्या बाजूची ती 'समाधान' सोसायटी. तिथे वारा फुकट होता आणि पेडणेकरांच्या मते फुकट वस्तू घरात असताना विकतची वापरणे म्हणजे लक्ष्मीला लाथ मारणे.

घरात बाहेरच्या खोलीत झिरोचा बल्ब. स्वयंपाकघरातही झिरोचाच, फक्त पाहुणे आले तर शेजारच्या होल्डरमधला चाळीसचा. फ्रिज होता, पण तो मे महिन्यात चालायचा आणि एरवी त्यात चादरी ठेवायच्या. लग्नात आलेली इस्त्री, टेबललॅम्प, पाणी तापवायची दांडी, सगळे आपापल्या खोक्यांत माळ्यावर सुखरूप होते. रविवारी टीव्हीवर सिनेमा लागला की झिरोचा बल्बही बंद. "थिएटरात लावतात का दिवे?" असे पेडणेकर विचारत.

साहजिकच अख्खी सोसायटी त्यांना पाठीमागे 'झिरो' म्हणायची. दुसऱ्या कोणाला नको होते म्हणून सेक्रेटरीपद गळ्यात पडल्यापासून ते 'झिरो सेक्रेटरी' झाले होते. पेडणेकर हे हसण्यावारी न्यायचे. पण एकदा कॉलेजात जाणारी लेक राधा घरी येऊन रडली.

"बाबा, कॉलेजात पण पोचलंय ते. माझी ओळख करून देताना मैत्रीण म्हणाली, ही झिरोंची राधा!"

हे मात्र पेडणेकरांच्या काळजाला लागले. उद्या पोरीला बघायला लोक येणार, ते खाली पत्ता विचारणार, आणि कोणीतरी बोट वर करून सांगणार, 'झिरोंकडे ना? पहिला मजला.' काहीही करून हे नाव पुसले पाहिजे, असे त्यांनी मनाशी ठरवले. फक्त दिवे न लावता.

देवाने ऐकले. डिसेंबरातल्या एका रविवारी 'हिरवे अंगण मंडळा'च्या अनुपमा देवस्थळी सोसायटीत आल्या. बाई कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या आणि सुट्टीच्या दिवशी माणसे सुधारायच्या. गच्चीवर सतरंजी पसरून त्यांनी सगळ्यांना बसवले आणि विचारले, "तुम्ही वीज वाचवता ती कशासाठी? पैशासाठी की पर्यावरणासाठी?"

शहाऐंशी साल सरत आले होते, पण पर्यावरण हा शब्द अजून समाधान सोसायटीचा जिना चढला नव्हता. शेवटी तळमजल्याच्या रत्नप्रभाबाई म्हणाल्या, "बाई, आमच्याकडे एकच जण वाचवतात. कशासाठी ते त्यांनाच विचारा." सतरंजीभर हशा पिकला.

पेडणेकर ताडकन उठले. "पर्यावरणासाठी!" ते म्हणाले. "वीस वर्षं झाली, पर्यावरणासाठीच."

शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोला, नलिनीबाईंना, जोराचा ठसका लागला. पण देवस्थळीबाईंनी टाळ्या वाजवल्या आणि पेडणेकरांच्या अंगावर मूठभर मांस चढले. ज्याला लोक चिक्कूपणा म्हणत होते त्याला इतके भारदस्त नाव आहे हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते!

मग बाईंनी स्पर्धा जाहीर केली. जानेवारीच्या बिलाशी फेब्रुवारीचे बिल ताडून बघायचे. ज्याच्या घरात विजेचा वापर सर्वांत जास्त उतरेल, त्याच्या दारावर पितळी पाटी लागणार. 'पर्यावरणमित्र कुटुंब', आणि खाली आडनाव.

पेडणेकरांना ती पाटी दारावर दिसूच लागली. मात्र गच्चीवरून खाली उतरता उतरता त्यातली गोम त्यांच्या ध्यानात आली. रोजच उपाशी असणाऱ्याने आणखी उपास करायचा कसा? आपले बिल उतरायला वर होते कुठे? या हिशेबाने तर वरच्या मजल्यावरचा धोंडिराम साळवे पहिला येणार. टेलिफोन एक्स्चेंजमधला हा दिलदार गडी रेडिओ, पंखा आणि दिवे तिन्ही एकदम लावून झोपायचा. त्याने नुसता रेडिओ बंद केला की पाटी त्याची.

दुसऱ्या दिवशी चहा पिताना पेडणेकर म्हणाले, "नलिनी, माळ्यावरची खोकी काढ."

"कशाला? विकताय?"

"वापरायची आहेत. एक तारखेपासून महिनाभर. सगळी."

नलिनीबाईंनी कपबशी खाली ठेवली आणि नवऱ्याच्या कपाळाला हात लावून बघितला. ताप नव्हता.

"अगं, जानेवारीत वाढवायचं आणि फेब्रुवारीत उतरवायचं," पेडणेकर कुजबुजले. "उडी मारायची तर आधी शिडी चढायला नको?"

जानेवारी उजाडला, आणि खरोखरच उजाडला. घरात शंभरचे बल्ब लागले. थंडीच्या दिवसांत फ्रिज घरघरू लागला, दांडीने आंघोळीचे पाणी तापू लागले, राधा टेबललॅम्पखाली अभ्यासाला बसू लागली. पहिल्या संध्याकाळी स्वयंपाकघरातून नलिनीबाईंची हाक आली.

"अहो, लवकर इकडे या! आपली भिंत हिरवी आहे!"

"मग काय होती?"

"मला इतकी वर्षं राखाडी वाटायची!"

घर सुखात होते आणि घरधनी नरकयातना भोगत होता. रोज सकाळी पेडणेकर जिन्याखालच्या मीटरखोलीत जाऊन आपल्या मीटरपुढे उभे राहत. आतली चकती गरगरा फिरत असे. आजवर ती कशी अंगणात शतपावली करणाऱ्या म्हाताऱ्यासारखी चालायची!

सोसायटीत तर नुसती कुजबुज. जिन्यात धोंडिरामने त्यांना गाठलेच. "काय सेक्रेटरी, लॉटरी लागली का काय राव? मला पण सांगा ना तिकीट कुठून घेतलं ते."

"छे हो! डॉक्टरांनी सांगितलंय. उजेडात राहा म्हणून."

"कुठले डॉक्टर? डोळ्यांचे का डोक्याचे?"

लॉटरीची बातमी खारदांड्यापर्यंत गेली. तिथे भाड्याच्या खोलीत राहणारा नलिनीबाईंचा भाऊ बाळा वळकटी घेऊनच आला. तो औषधांच्या कारखान्यात रात्रपाळीला होता. "भावजी, रस्त्यावरसून लायटी बघलंय आणि माका वाटलां, राधाचा लगीनच ठरलां!" असे म्हणून तो पंख्याखाली आडवा झाला आणि महिनाभर उठला नाही. खरे कारण बाहेर फुटेल या भीतीने पेडणेकरांना त्याला जा म्हणता येईना. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

अखेर महिनाअखेरीला मीटर वाचणारा येऊन भरगच्च आकडा लिहून घेऊन गेला, आणि फेब्रुवारीच्या पहिल्याच सकाळी पेडणेकरांनी घरातली सगळी बटणे स्वतःच्या हाताने वर केली. "खोकी मी चढवते माळ्यावर," नलिनीबाई म्हणाल्या. "तुम्ही निघा, उशीर होईल." संध्याकाळी बाळानेही वळकटी उचलली. "ताटात मासो खय आणि भात खय, दिसणाच नाय!" अशी तक्रार करून तो गेला.

घर इतक्या मुकाट्याने काळोखात परत आले की पेडणेकरांचे मन भरून आले. बायको झिरोच्या उजेडात हूं की चूं न करता भाकऱ्या थापत होती. एकदा संध्याकाळी त्यांचा हात कपाटावरच्या इस्त्रीला लागला, तर ती कोमट.

"ही गरम कशी?"

"उन्हात होती खिडकीशी," नलिनीबाई म्हणाल्या.

खिडकीत ऊन सकाळी यायचे. पण दारावर पाटीसाठी खिळा कुठे ठोकायचा या विचारात पेडणेकरांनी त्यावर फार डोके चालवले नाही. खिळा त्यांनी त्याच रात्री ठोकला.

महिन्याच्या मध्याला देवस्थळीबाई पाहणीला आल्या. पेडणेकरांनी त्यांना सोसायटीभर मिरवले आणि उत्साहाच्या भरात थेट मीटरखोलीत नेले. त्या खोलीला खिडकी नव्हती, फक्त एक बल्ब होता. "इथे कोण वाचत बसतंय?" असे म्हणून त्यांनी बाईंच्या देखत स्टुलावर चढून तो काढला आणि खिशात टाकला. बाईंनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. आता अडथळा होता तो धोंडिरामचा. पण तो महिन्याच्या सुरुवातीलाच पुतणीच्या लग्नासाठी बायकापोरांसह नगरकडे गावी गेला होता. स्पर्धेची त्याला आठवणही नव्हती.

मार्चमध्ये बिले आली आणि पेडणेकरांनी आपले तीनदा वाचले. फेब्रुवारीचा आकडा जानेवारीइतकाच होता. तोच! शेजारी विचारले, त्यांचाही तोच. सगळ्या सोसायटीचा जानेवारीचाच आकडा पुन्हा छापून आला होता. फक्त धोंडिरामचे बिल जेमतेम चहापाण्याएवढे.

उलगडा रत्नप्रभाबाईंनी केला. त्यांचे दार मीटरखोलीच्या समोरच होते.

"मीटर वाचणारा आला होता. आत मिट्ट काळोख. बिचाऱ्याच्या काड्यापेटीत एकच काडी. ती पेटवली, समोर साळव्यांचं मीटर होतं तेवढं वाचलं आणि बोट भाजून घेतलं. मग म्हणाला, मरू दे, बाकीच्यांचं मागच्या महिन्यासारखंच लिहितो. अशीच रीत असते म्हणे त्यांची. पण सेक्रेटरी, तिथला बल्ब कुठे गेला हो?"

बल्ब पेडणेकरांच्या कपाटात होता.

गच्चीवर पुन्हा सतरंजी पडली. सेक्रेटरी म्हणून धोंडिरामला हार घालायचे काम पेडणेकरांकडेच आले. पितळी पाटी हातात घेऊन धोंडिराम ओशाळला होता.

"बाई, खरं सांगू का? मी पर्यावरणासाठी काहीच केलं नाही. दाराला कुलूप लावलं आणि गावाला गेलो. आता तुम्ही म्हणत असाल तर वर्षातून दोनदा जातो."

नियम तो नियम. बाईंनी टाळ्या वाजवल्या, थोड्या हळू. पाठोपाठ सभासदांनी एकमताने ठरवले की मीटरखोलीत सेक्रेटरींनी आजच्या आज स्वखर्चाने बल्ब लावावा, कारण मार्चअखेरीचे आकडे घ्यायला उद्या मीटर वाचणारा परत येणार होता. मागून कोणीतरी ओरडले, "झिरोचा नको!" हसण्याच्या लाटेत पेडणेकरांनी राधाकडे बघितले. ती सतरंजीचे धागे उपटत खाली मान घालून बसली होती. तिच्यापुढे तोंड कसे दाखवावे ते त्यांना कळेना.

चाळीसचा बल्ब लावून ते घरी आले आणि बराच वेळ अंधारात बसून राहिले. मग एकदम त्यांचा चेहरा उजळला.

"नलिनी! उद्या मीटर वाचला जाईल तेव्हा खरं काय ते बाहेर येईल की! आपण केवढी बचत केली ते दिसेल. तो कागद घेऊन बाईंकडे जातो. पाटी नाही तर नाही, पण चारचौघांत सांगतील तरी की पेडणेकरांनी खरंच वाचवलं."

नलिनीबाईंचा भाकरी थापणारा हात थांबला.

"उद्या नक्की वाचणार का हो?"

"नक्की."

"मग एक सांगते. आधी बसा. बसलाच आहात का? बरं. तुम्ही सकाळी निघालात ना, की मी सगळं लावायचे."

"सगळं म्हणजे?"

"सगळं. शंभरचे बल्ब, फ्रिज, दांडी. इस्त्री पण. शेजारणी साड्या घेऊन यायच्या, त्यांना नाही कशी म्हणू? आणि बाळा यायचा दिवसा झोपायला."

"बाळा? तो तर खारदांड्याला गेला!"

"संध्याकाळी जायचा. रात्रपाळी ना त्याची. तुम्ही यायच्या आधी मी त्याला उठवायचे आणि दिवे मालवायचे." नलिनीबाईंनी हात धुतले. "जानेवारीपेक्षा जास्तच झालं असेल. आता रागवायचं तर रागवा. इतक्या वर्षांनी मला माझी भिंत हिरवी दिसली हो. तिला परत राखाडी करायला माझा जीवच होईना."

पेडणेकरांनी ओरडायला तोंड उघडले आणि मिटले. बायकोने आपल्याकडे कधी साडी मागितली नाही, दागिना मागितला नाही. मागितली ती भिंत, आणि तीही चोरून. त्यांना स्वतःची लाज वाटली. त्यांनी उठून स्वयंपाकघरातला शंभरचा बल्ब लावला आणि भिंतीकडे बघितले. खरेच छान हिरवी होती.

"राहू दे लावलेला," ते म्हणाले.

पण लाज वेगळी आणि बिल वेगळे. दुसऱ्या दिवशी सकाळी मीटर वाचणारा यायच्या आत पेडणेकर हळूच जिना उतरले. मीटरखोलीत स्टूल ठेवून वर चढले, बल्ब मालवला आणि रुमालात धरून फिरवू लागले. तेवढ्यात समोरचे दार उघडले.

"काय हो सेक्रेटरी," रत्नप्रभाबाई म्हणाल्या, "कालच लावलात ना? मग आज काढताय कशासाठी?"

पेडणेकर क्षणभर गडबडले. मग गच्चीवर म्हणाले होते तसेच, छाती काढून म्हणाले, "पर्यावरणासाठी!"

रत्नप्रभाबाईंच्या अंगावर कडक इस्त्रीची साडी होती. पेडणेकरांची नजर तिच्यावर गेली, बाईंचीही गेली. त्यांनी पदर सावरला, जिन्याकडे एकदा बघून घेतले आणि पुढे होऊन डुगडुगणारे स्टूल दोन्ही हातांनी घट्ट धरले.

"सावकाश काढा," त्या म्हणाल्या. "पर्यावरण काय, आपल्या सगळ्यांचंच आहे."